शिल्परूप वस्त्ररचना

शिल्परूप वस्त्ररचना : सपाट कापडाला घडी, चुणी, निरी, मुरड, पीळ, गाठ, ताण, खळ किंवा उष्णता यांच्या साहाय्याने घनाकार देऊन त्यातून वेश सिद्ध करण्याची कला. सर्वसाधारण शिवणकामात कापड शरीराच्या मापाप्रमाणे कापून तुकडे जोडले जातात आणि शरीराचा आकार हाच वेशाचा आकार ठरतो. शिल्परूप रचनेत कापडाच्या स्वतःच्या आकाराला प्राधान्य असते. तो शरीरावर टेकलेला असतो, पण शरीराची नक्कल नसतो. भरतकाम, छपाई वा जरीकाम कापडाच्या पृष्ठभागावर होते. येथे पृष्ठभागच वळतो, उभा राहतो, आत शिरतो आणि छायाप्रकाश धरतो. या अर्थाने ही कला मूर्तिकलेच्या जवळची आहे. तथापि मूर्तिकलेच्या इतिहासात तिला क्वचितच जागा मिळालेली दिसते. तिचे कर्ते बहुधा शिंपी, रंगपटातील माणसे आणि घरोघरच्या स्त्रिया होते, हे त्याचे एक कारण असावे.

या कलेचे अगदी प्राथमिक उदाहरण कोणत्याही धान्यबाजारात, उदा., नागपूरच्या कळमना येथील घाऊक बाजारात, पावसाळ्यात पाहावयास मिळते. हमाल रिकाम्या पोत्याचा तळाचा एक कोपरा दुसऱ्या कोपऱ्यात खुपसतो व तयार झालेली खोळ डोक्यावर घेतो. एका क्षणात चौकोनी, चपट्या पोत्याचे टोकदार शिरस्त्राण आणि पाठ झाकणारे प्रावरण बनते. कात्री नाही, सुई नाही, बंदही नाही. तागाच्या जाड विणीचा ताठरपणा हाच तिचा सांगाडा. काम संपल्यावर कोपरा बाहेर काढला, की पोते पुन्हा पोतेच राहते. घोंगडीची खोळ याच तत्त्वावर होते. शिल्परूप वेशाचे मूल्यमापन करताना जे प्रश्न विचारावे लागतात, ते सर्व या खोळीत आहेत : आकार कापडाच्या गुणातून आला की बाहेरून लादला, तो कशाच्या आधारे टिकतो, आणि तो परत सपाट होऊ शकतो की कायमचा गोठला. यांपैकी तिसऱ्या प्रश्नाकडे समीक्षकांचे फारसे लक्ष गेलेले नाही. प्रस्तुत लेखात त्यालाच महत्त्व दिले आहे.

तंत्रदृष्ट्या पाहता विणलेले कापड ताण्याच्या व बाण्याच्या दिशेने फारसे ताणले जात नाही. परंतु त्या दोहोंच्या कर्णावर, म्हणजे उरेप दिशेने ओढल्यास त्यातील चौकटी तिरकस होतात व कापड लांबते, अंगाला चिकटते आणि वळणे घेते. कागदाला जे जमत नाही ते कापडाला जमते, ते या गुणामुळे. निरीचा हिशेब वेगळा आहे. एकमेकींना पूर्ण टेकणाऱ्या निऱ्या घातल्या, तर एक हात रुंदीसाठी तीन हात कापड लागते. म्हणजे निऱ्यांचा वेश हा साठविलेल्या कापडाचा वेश असतो व चालताना तो साठा उघडतो आणि मिटतो. ठरावीक अंतरांवर टाके घेऊन दोरा आवळल्यास मधमाशीच्या पोळ्यासारखी उठावदार जाळी तयार होते. अतिशय पीळ दिलेल्या सुताचे कापड पाण्यात टाकले, की पीळ सुटू पाहतो व सारे कापड आकसून सुरकुतते. बांधणीच्या गाठी सोडल्यावरही काही काळ कापडावर टोके उभी राहतात. रंगाऱ्याच्या दृष्टीने ती केवळ गाठीची खूण, आकार घडविणाऱ्याच्या दृष्टीने तेच मुख्य फलित.

हा आकार टिकवून धरणे हे सर्वांत अवघड काम होय. सुती कापडाची घडी खळ व इस्त्री यांनी बसते, पण घामाने आणि धुण्याने मोडते. रेशमावर उष्णतेने पडलेली घडीही ओलाव्यापुढे टिकत नाही. पॉलिएस्टरसारखे कृत्रिम तंतू मात्र तापविल्यावर मऊ होतात व थंड होताना घेतलेला आकार धुण्यानंतरही सोडत नाहीत. विदर्भात भंडारा, गडचिरोली आणि चंद्रपूर या जिल्ह्यांत होणारे टसर, म्हणजेच कोसा, या दृष्टीने मधल्या स्थानी आहे. त्याचा तंतू तुतीच्या रेशमापेक्षा जाड व चपटा असल्याने कापडाला अंगचा ताठपणा असतो. निरी घसरत नाही, कोन धरते. या सुताच्या करवतकाठी साडीत काठाचा आणि अंगाचा बाणा वेगवेगळ्या धोट्यांनी विणून दातेरी रेषेत एकमेकांत अडकविलेला असतो. असा घट्ट काठ निऱ्यांच्या तळाशी आला, की तो वजन व बाह्यरेषा अशी दोन्ही कामे करतो. विणकराने हे शिल्पाच्या हेतूने केलेले नसते; परंतु आकाराची निम्मी घडण मागावरच झालेली असते, ही गोष्ट वेशकार अनेकदा विसरतात.

पाश्चात्त्य देशांत या कलेचा जाणीवपूर्वक विकास विसाव्या शतकात झाला. मारियानो फोर्तुनी (१८७१–१९४९) याने व्हेनिसमध्ये सु. १९०७ मध्ये ‘डेल्फोस’ नावाचा रेशमी झगा तयार केला. डेल्फाय येथील सारथ्याच्या कांस्यमूर्तीवरून त्याला हे नाव पडले. असंख्य बारीक, अनियमित निऱ्या असलेला हा झगा खांद्यापासून पायापर्यंत स्तंभासारखा उतरतो. कडांना ओवलेले काचेचे लहान मणी त्याला खाली ओढून धरतात. १९०९ मध्ये त्याने निऱ्यांच्या पद्धतीचे एकस्व घेतले. मूळ कल्पना पत्नी आंरिएत हिची असल्याची नोंद त्यानेच करून ठेवली आहे. हा झगा टांगून ठेवीत नसत. सुताच्या लडीसारखा पिळून गोल डबीत ठेवीत. निऱ्या ओल्या झाल्यास त्या पुन्हा घालण्यासाठी झगा परत पाठवावा लागे. म्हणजे येथे आकार कायमचा नव्हता, त्याची निगा राखावी लागत होती.

फ्रान्समध्ये मादलेन व्हिओने (१८७६–१९७५) हिने लाकडी बाहुलीवर कापड टाकून उरेप कापडाचे गुण शोधले. मूर्तिकार होण्याची इच्छा बाळगलेल्या मादाम ग्रे (१९०३–१९९३) हिने रेशमी जर्सीचे कित्येक हात रुंदीचे पट काही बोटांच्या रुंदीत आवळून ग्रीक मूर्तींची आठवण करून देणारे वेश हातांनी घडविले. आपल्याकडील मूर्तिकारांनी हाच प्रश्न उलट दिशेने सोडविला होता. गांधार शैलीत बुद्धाची संघाटी जाड घड्यांनी भरलेली असते; सारनाथच्या पाचव्या शतकातील मूर्तींत घड्या जवळजवळ नाहीशा होतात आणि वस्त्राचे अस्तित्व केवळ काठाच्या रेषेवरून कळते. अमेरिकेत काम केलेल्या चार्ल्स जेम्स (१९०६–१९७८) याने मात्र अस्तरे, पट्ट्या व ताठ थर यांची अंतर्रचना करून १९५३ मध्ये चार पाकळ्यांच्या घेराचा प्रसिद्ध झगा बनविला. तो नेत्रदीपक खरा, परंतु आत कोणी नसतानाही तो तसाच उभा राहतो. शिल्प म्हणून हे यश असेल. वेश म्हणून ती तक्रार आहे. क्रिस्तोबाल बालेन्सियागा (१८९५–१९७२) याने वेगळा मार्ग धरला. त्याच्यासाठी १९५८ मध्ये ‘गझार’ हे ताठ, विरळ विणीचे रेशीम तयार करण्यात आले व त्याच्या बळावर त्याने मोजक्याच शिवणींत मोठे घनाकार उभे केले. आधी कापड, मग आकार, हा त्याचा क्रम होता.

जपानचा इस्सेई मियाके (१९३८–२०२२) याने प्रथम वेश दोन-तीन पट मोठा शिवून मग तो कागदाच्या थरांत घालून उष्णतेने निऱ्या पाडण्याची पद्धत रूढ केली. १९९१ मध्ये विल्यम फोर्साइथच्या फ्रँकफुर्ट बॅले मंडळीसाठी त्याने असे वेश दिले. नर्तकांच्या हालचालींत ते कसे उघडतात व मिटतात हे पाहिल्यावर १९९३ मध्ये त्याने निऱ्यांच्या कपड्यांची स्वतंत्र मालिका सुरू केली. येथे घडी गोठलेली आहे, पण वेश गोठलेला नाही. या क्षेत्रातील विसाव्या शतकाचे सर्वांत निर्णायक काम हेच होय, असे म्हणावयास हरकत नाही.

हा सारा पाश्चात्त्य व जपानी प्रयोग वाचून मराठी वाचकाला एखादी ओळखीची गोष्ट दूरच्या नावाने भेटल्यासारखे वाटेल. नऊवारी लुगडे म्हणजे नऊ वार, सु. सव्वाआठ मीटर लांबीचा, न कापलेला, न शिवलेला पट. तो कमरेभोवती घेऊन गाठ मारतात, पदर खांद्यावर टाकतात, मधल्या कापडाच्या निऱ्या करून पुढे खोचतात आणि त्यांचा काठ दोन पायांमधून मागे नेऊन कासोटा घालतात. इतक्या वर्णनाने त्याची खरी करामत कळत नाही. कासोटा ओढला, की मांडीवरचे कापड सरळ न राहता तिरके होते. म्हणजे व्हिओनेने कात्रीने जे साधले, ते येथे केवळ ओढीने साधते. काठ पोटरीवरून वर चढतो व मागे एका बिंदूत मिळतो. त्यामुळे प्रत्येक पायाला स्वतंत्र बाह्यरेषा येते. पुढे निऱ्यांचे केळे, मागे कासोट्याची घट्ट रेषा, वर पदराचा मोकळा पट, असे तीन निरनिराळ्या ताणांचे भाग एकाच कापडात एकाच वेळी असतात. शेतात राबणारी बाई तेच लुगडे गुडघ्याच्या वर खोचते व सणाला घोट्यापर्यंत सोडते. आकार बदलतो, वस्तू बदलत नाही. फ्रेंच अभ्यासिका शांताल बुलांजे हिने १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात भारतातील साडी नेसण्याचे शंभराहून अधिक प्रकार सचित्र नोंदविले आहेत. अशी नोंद आपल्याकडे फार आधी व्हावयास हवी होती.

आकार शरीराने दिलेला नसून कापडाने दिलेला असतो, याचा सर्वांत मोठा पुरावा मराठी रंगभूमीने दिला. नारायण श्रीपाद राजहंस ऊर्फ बालगंधर्व (१८८८–१९६७) यांनी स्त्रीभूमिका केल्या, त्या पुरुषदेहावर. शालू, पैठण्या, त्यांच्या निऱ्या व पदराची ठेवण यांतून रंगमंचावर स्त्रीची एक आकृती उभी राहिली आणि ती इतकी पटण्याजोगी होती, की महाराष्ट्रातील सुशिक्षित स्त्रिया तिचे अनुकरण करू लागल्या. यावर आजवर झालेले लेखन बहुधा गायन, अभिनय व लावण्य यांभोवती फिरते. वस्त्राने देह घडविला, ही बाब त्यात बाजूला राहते.

गोठलेला व वाहता आकार यांतील भेद मराठी शिरोवेष्टनांत स्पष्ट दिसतो. फेटा दर वेळी नव्याने बांधावा लागतो. त्याचा पीळ, तुरा आणि मागचा सोगा बांधणाऱ्याच्या हाताप्रमाणे व प्रसंगाप्रमाणे बदलतो. पुणेरी पगडी मात्र कारागिराने एकदाच बांधून पक्की केलेली असते. ती टोपीसारखी घालता येते व प्रत्येक वेळी अगदी तशीच दिसते. २००९ मध्ये तिला भौगोलिक निर्देशनाचे संरक्षण मिळाले, ते उचितच होते. परंतु हेही नमूद केले पाहिजे, की पगडी पक्की झाल्यावर ती बांधण्याचे ज्ञान घालणाऱ्याच्या घरातून निघून कारागिराच्या दुकानात गेले. त्याचा धंदा बसला, की ते तेथूनही जाते. फेट्याचे ज्ञान मात्र अजून गावोगाव आहे.

आधुनिक भारतीय वेशरचनेत हा प्रश्न कलात्मक पातळीवर प्रथम सोडविला तो भानू अथैया (१९२९–२०२०) यांनी. कोल्हापूरच्या राजोपाध्ये घराण्यात जन्मलेल्या भानुमती यांनी मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत चित्रकलेचे शिक्षण घेतले. प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या १९५३ मधील प्रदर्शनात त्यांच्या कलाकृती होत्या. पुढे नियतकालिकांसाठी वेशांची रेखाचित्रे काढता काढता त्या चित्रपटांकडे वळल्या, सी. आय. डी. (१९५६) हा त्यांच्या आरंभीच्या चित्रपटांपैकी एक. चित्रकार म्हणून मिळालेली रेषेची शिस्त त्यांच्या वेशांत शेवटपर्यंत दिसते. आम्रपाली (१९६६) साठी त्यांनी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांचा अभ्यास केला. त्या चित्रांतील वस्त्रे न शिवलेली, क्षणभर सावरून धरलेली अशी आहेत. नृत्य करणाऱ्या अभिनेत्रीला तसे सावरत बसता येत नाही. म्हणून चित्रातील घडीचा भास राखून ती घडी कोठे व किती पक्की करावयाची, हा निर्णय घ्यावा लागतो.

ब्रह्मचारी (१९६८) या चित्रपटात मुमताज यांनी नृत्यगीतात नेसलेली नारिंगी साडी हे या निर्णयाचे गाजलेले उदाहरण. साडी नेहमीसारखी न नेसता घट्ट वेढ्यांत बसविलेली, शिवून पक्की केलेली आणि चेन लावून झग्यासारखी अंगात घालण्याजोगी अशी ही रचना होती. तिच्या तिरक्या, एकावर एक चढत जाणाऱ्या वेढ्यांनी देहाभोवती एक सर्पिल रेषा फिरते व नर्तिकेच्या प्रत्येक गिरकीत ती रेषा पुढे चालू राहते. पुढील कित्येक वर्षे या साडीची नक्कल झाली. बहुतेक नकलांत घट्टपणा तेवढा उचलला गेला. वेढ्यांचा तिरकेपणा, ज्यावर सारा आकार उभा होता, तो सुटला. तिला केवळ मादक वेश म्हणून बाजूला सारणारी तत्कालीन अभिरुचीही तितकीच उथळ म्हणावी लागेल. साडीची मूळ कल्पना, म्हणजे अखंड पटाने घेतलेला वेढा, येथे टिकून आहे. शिवण फक्त त्याला नृत्याच्या वेगात निसटू देत नाही.

गांधी (१९८२) या चित्रपटासाठी अथैया यांना जॉन मोलो यांच्यासमवेत १९८३ मध्ये ऑस्कर पुरस्कार मिळाला. हा पुरस्कार मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय होत. त्या चित्रपटात आकाराचा प्रयोग नाही, किंबहुना आकार लपविण्याचा आहे : खादीचा जाडेभरडेपणा, धोतराची साधी पडण, वापराने आलेली मळकी मऊ घडी. लेकिन… (१९९०) व लगान (२००१) या चित्रपटांसाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार लाभले. एकाच व्यक्तीने पक्की केलेली नारिंगी साडी आणि मोकळी खादी ही दोन्ही टोके हाताळावीत, यात तिच्या अधिकाराची खूण आहे. कोठे गोठवू नये, हे त्यांना कळत होते.

हे तारतम्य आज बाजारात मिळणाऱ्या शिवलेल्या नऊवारीत दिसत नाही. तयार निऱ्या, शिवून टाकलेला कासोटा व कमरेला इलॅस्टिक किंवा नाडी असलेला हा वेश लग्नसमारंभात, शाळांच्या स्नेहसंमेलनांत आणि नृत्यस्पर्धांत सर्रास वापरला जातो. त्याची सोय नाकारण्यात अर्थ नाही. पाच मिनिटांत चढतो, सुटण्याची धास्ती नसते, आणि ज्या मुलीला नेसविणारे घरी कोणी नाही तिला तो दुसरा पर्याय असतो. परंतु शिल्प म्हणून तो फसलेला आहे. कासोटा ओढीने न येता शिवणीने आल्यामुळे मांडीवरचे कापड तिरके होत नाही. ते सलवारीसारखे झोळ धरते. निऱ्या पुढे टाचलेल्या असल्याने चालताना उघडत नाहीत. काठ असतो, पण त्याची रेषा कोठेच पोहोचत नाही. शिवाय एकदा कापलेला पट पुन्हा पट होत नाही. जुने लुगडे वापरून मऊ झाले, की त्याची गोधडी व्हावी, बाळाची दुपटी व्हावीत, हा त्याचा पुढचा जन्म असे. शिवलेल्या नऊवारीला तो नाही. विणकराच्या बाजूने पाहता हानी याहून मोठी आहे. उमरेड, पवनी, नागपूर येथील कोष्टी व हलबा विणकरांनी ज्या अखंड लांबीसाठी आणि काठासाठी कसब पणाला लावले, त्या लांबीची व काठाची गरज शिवणाऱ्याला उरत नाही. त्याला थानातले कोणतेही चमकदार कापड व वरून लावलेली काठाची पट्टी पुरते.

अलीकडे दिल्ली व मुंबई येथील काही वेशकार चिवट बहुवारिकांच्या पट्ट्या, धातूचे धागे व उष्णतेने मुरडलेली कृत्रिम कापडे वापरून लाटा, शंख किंवा पंख यांच्या आकारांचे भव्य वेश करतात. त्यांतील कौशल्य उच्च प्रतीचे असते. मात्र पुष्कळदा असे दिसते, की आकार आधी कागदावर ठरतो व मग त्याला उभे ठेवणारा पदार्थ शोधला जातो. कापडाला काय म्हणावयाचे आहे हे विचारलेच जात नाही. याउलट मुंबईत जन्मलेल्या मृणालिनी मुखर्जी (१९४९–२०१५) यांनी अंबाडीसारख्या जाड तंतूंच्या दोरांच्या गाठी मारून ‘यक्षी’ (१९८४), ‘वनश्री’ (१९९४) यांसारख्या माणसाहून उंच आकृती घडविल्या. त्या वेश नव्हेत. तरी त्यांतील पडण, झोळ आणि दुमड दोराच्या वजनातूनच आलेली असल्याने वेशकारांना त्यांपासून पुष्कळ शिकण्यासारखे आहे.

या कलेच्या जतनाचा प्रश्न त्यामुळे चमत्कारिक आहे. वस्तुसंग्रहालयातील लुगडे काचेच्या कपाटात घडी घालून ठेवलेले असते. पाहणाऱ्याला काठ व नक्षी दिसते, आकार दिसत नाही. पुतळ्यावर नेसवून ठेवल्यास आकार दिसतो, पण घडीच्या रेषेवर कापड विरते व पुतळा एकही पाऊल टाकत नाही. उपयोगी नोंद करावयाची, तर कापडाची लांबी-रुंदी, सूत, वजन व खळ यांच्याबरोबर नेसणाऱ्या बाईच्या हातांची नोंद हवी : गाठ कोठे मारली, निऱ्या कोणत्या हाताने घेतल्या, त्या किती बोटांच्या घातल्या, कासोटा ओढताना श्वास घेतला होता की सोडला होता, आणि बसून उठल्यावर कोणता काठ पुन्हा खाली ओढावा लागला.